आग्र्याच्या दरबारातली पाठ

शिवजयंतीच्या व्याख्यानांत आग्र्याचा प्रसंग मी पंधरा-वीस वर्षे गर्जना करूनच सांगत आलो. आवाज चढवायचा, मूठ आवळायची, टाळ्या ठरलेल्या. तो आवाज मी कुठल्या कागदातून उचलला नव्हता, लहानपणी पाहिलेल्या नाटकांतून उचलला होता. हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

कळले ते जयपूर दप्तरातल्या राजस्थानी पत्रांमुळे. जदुनाथ सरकार आणि रघुवीरसिंह यांनी ती संपादित केली आहेत. मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा रामसिंग याच्या पदरी असलेला परकालदास आग्र्याची हकीकत अंबरला कल्याणदासाला कळवतो. १२ मे १६६६, औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दरबार. महाराजांनी एक हजार मोहरा आणि दोन हजार रुपये नजर केले. बादशहा एक शब्द बोलला नाही. त्यांना मागे नेऊन उमरावांच्या ओळीत उभे केले. विडे वाटले, त्यांनाही मिळाला. मग खिलती आल्या. शाहजाद्यांना, जाफरखानाला, जसवंतसिंगाला. त्यांना नाही.

मोगल दरबारात कुणाला काय मान, हे बोलून सांगायची गरजच नसे. कुर्निश करताना उजवा तळवा कपाळाला कसा लावायचा, तस्लीम करताना हाताची मागची बाजू जमिनीला टेकवून तो कसा वर आणायचा, हे ऐन-इ-अकबरीत नोंदवलेले आहे. ओळीतली जागा हीच किंमत. तेव्हा औरंगजेबाचे गप्प राहणे हे उत्तरच होते, आणि ते महाराजांना नेमके समजले.

पत्रात पुढे जे आहे ते माझ्या व्याख्यानात कधीच नव्हते. ते कष्टी झाले, संतापले, डोळे पाणावले. बादशहाने ते पाहिले आणि काय झाले ते रामसिंगाला विचारायला लावले. आपण कोण आहोत हे ठाऊक असून इतका वेळ उभे ठेवता, अशा अर्थाचे बोलून त्यांनी मनसब नाकारली, सिंहासनाकडे पाठ केली आणि चालू लागले. रामसिंगाने हात धरला, तो हिसडून सोडवला आणि एका बाजूला जाऊन बसले. नंतर देऊ केलेली खिलतही घेतली नाही.

जसवंतसिंग पुढे उभा असल्याचा राग सभासदाने १६९७च्या सुमारास जिंजीला लिहिलेल्या बखरीत ठळक केला आहे. रणात आमच्या लष्कराने ज्याची पाठ पाहिली तो माझ्यापुढे, असा तिथला सूर. पाठ दाखवणे आणि पाठ फिरवणे यांतला फरक मराठी माणसाला वेगळा सांगायला नको. बखरीत पहिली पाठ आहे, पत्रात दुसरी. मला पत्रातली अधिक मोलाची वाटते.

परकालदासाने हे बारकावे का टिपले असावेत? माझा तर्क असा: महाराजांच्या सुरक्षिततेचा शब्द जयसिंगांनी दिलेला, आणि पुढे जामीन राहावे लागले रामसिंगालाच. ज्याच्या धन्याची मान अडकली आहे तो पाहुण्याचा हात, डोळा, पाऊल सगळे जपून पाहणारच. भक्ताचे किंवा शत्रूचे तसे नसते. त्यांना काय दिसायला हवे ते आधीच माहीत असते.

पाणावल्या डोळ्यांचा उल्लेख मी पहिल्यांदा केला, तेव्हा कार्यक्रमानंतर मला बाजूला घेऊन चार शब्द सुनावण्यात आले. पुढची दोन वर्षे मी तो तपशील गाळला. घाबरलो होतो, दुसरे कारण नाही. खरे तर ते पाणी संतापाचे. पत्रातली वाक्ये ओळीने वाचली तरी कळते.

गेल्या वर्षी पुन्हा सांगितला, गर्जना न करता. मागच्या रांगेतले एक आजोबा उठले. “डोळ्यांत पाणी? हे कुठल्या कागदात आहे?” मी पत्राचा तपशील दिला. ते क्षणभर तसेच उभे राहिले.

“मग जरा मोठ्यानं सांगा,” म्हणाले, “इथं मागं ऐकू येत नाही.”