पाण्यात उभे, तरी तहानलेले

सिल्वासाजवळील सुरंगी गावच्या भाताला समुद्राचे भय नाही. परंतु याच दादरा नगर हवेलीतून वाहणारी दमणगंगा पुढे दमण येथे अरबी समुद्रास मिळते, आणि तेथून दक्षिणेस कोकणच्या खाडीकाठी खार जमिनी लागतात. तेथे भरतीने खारबांध फुटला की भाताचे रोप पाण्यात उभे असूनही वाळू लागते. या कोड्याचा उलगडा होण्यास विज्ञानास शंभराहून अधिक वर्षे लागली.

पानाच्या त्वचेवर सूक्ष्म पर्णरंध्रे असतात. अन्न तयार करण्यासाठी लागणारा कर्बद्विप्राणिल वायू त्यांतून आत येतो आणि त्याच वाटेने पाण्याची वाफ बाहेर पडते. रंध्राच्या दोन बाजूंस दोन रक्षक पेशी असतात. त्या पाण्याने फुगल्या की रंध्र उघडते, सैल पडल्या की मिटते, असे स्पष्टीकरण जर्मन शास्त्रज्ञ ह्यूगो फॉन मोल यांनी १८५६ साली मांडले. हे पाणी पेशीत खेचून आणण्यात पोटॅशियमचा मोठा वाटा असतो, हे इमामुरा (१९४३) व फुजिनो (१९६७) या जपानी संशोधकांच्या कार्यातून पुढे आले.

जमिनीत मीठ वाढले की मुळांना पाणी ओढून घेणे कठीण होते. तेव्हा वनस्पतीत ॲब्सिसिक आम्ल वाढते व रंध्रे मिटू लागतात. या आम्लाचा हा गुण १९६० च्या दशकाच्या अखेरीस ध्यानात आला. रंध्रे मिटली की पाणी वाचते, पण वायूही अडतो आणि रोपाची उपासमार होते. पुढे मीठ पानांत साचून जुनी पाने करपतात.

खाडीतील तिवर व कांदळ मात्र याच पाण्यात वाढतात. तिवर पानांवरील ग्रंथींतून मीठ बाहेर टाकते. कांदळाची मुळे बहुतेक मीठ आतच येऊ देत नाहीत. शिवाय दोघेही रंध्रांतून पाणी फार काटकसरीने खर्च करतात.

आमच्या शेतकऱ्यांनीही काळा राता, भुरा राता या खार सोसणाऱ्या भाताच्या जाती पिढ्यानपिढ्या जपल्या. मुंबई सरकारने १९४८ साली खार जमिनींसाठी कायदा केला. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पुढे पनवेल-१, २ व ३ हे वाण दिले. आज समुद्राची पातळी वाढत असताना बांधाइतकीच या बियाण्याचीही निगा राखली पाहिजे. कारण बांध फुटल्यावर शेतकऱ्याच्या हाती तेवढाच आधार उरतो.