झडतीचे देणेघेणे

११ नोव्हेंबर २०२४ रोजी, विधानसभेच्या निवडणुकीचा प्रचार ऐन भरात असताना, यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे हेलिकॉप्टरने उतरलेल्या श्री. उद्धव ठाकरे यांच्या बॅगा निवडणूक यंत्रणेच्या पथकाने तपासल्या, आणि त्या तपासणीचे चित्रण खुद्द ठाकरे यांनीच केल्यामुळे ती त्याच दिवशी महाराष्ट्रभर पाहिली गेली, हे वाचकांस स्मरत असेलच. त्यावरून जो राजकीय धुरळा उडाला त्याच्याशी मला कर्तव्य नाही. माझे कुतूहल दोन बारीक गोष्टींपाशी अडकले. पथकातील माणसांना त्यांनी, माझ्याआधी कोणाकोणाच्या बॅगा तपासल्या, असे विचारले; आणि नंतर सभेत लोकांना असे सांगितले की, जे तुम्हांला तपासायला येतील त्यांचे खिसे आणि ओळखपत्रे तुम्हीही तपासा. वर्तमानपत्रांनी हे आवाहन प्रचारातला एक फटका म्हणून छापले आणि सोडून दिले. मी मात्र ते वाचून जुन्या कागदांकडे वळलो; कारण हे आवाहन नवे नसून 'झडती' या शब्दाच्या पोटात ते निदान पेशवाईपासून दडून बसले आहे, असे माझे मत झाले आणि ते दिवसेंदिवस पक्केच होत गेले आहे.

शब्दाचे मूळ सांगायला सोपे. हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात संस्कृत 'शद्' धातूच्या जागी 'झड' असा आदेश सांगितला आहे. गळून पडणे हा त्याचा अर्थ. शिशिरात सागाची पाने झडतात तेव्हा आपण बाराव्या शतकातल्या त्या सूत्राचाच प्रयोग करीत असतो. 'झाडणे' हे त्याचेच प्रयोजक रूप. इथपर्यंत पंडितांत भांडण नाही. भांडण पुढे आहे: आपोआप गळून पडण्याच्या या क्रियेचा दुसऱ्याच्या खिशात हात घालण्याशी संबंध जडला कसा?

प्रचलित उत्तर असे की, चोरीचा संशय आलेल्या माणसाला धोतर-पागोटे सोडून झाडायला लावीत, त्यातून काय पडते ते पाहत, आणि म्हणून झडती. उत्तर ऐकताक्षणी पटते, आणि तेवढ्यासाठीच मला त्याचा संशय येतो. कपडे झाडण्यावरून शब्द व्हायचा तर तो प्रयोजक धातूवरून व्हावा, आणि तसा तो झालेलाही आहे: 'झाडा'. झाडा घेणे, झाडा देणे हे प्रयोग जुन्या मराठीत सर्रास आहेत. मग त्याच कामासाठी अकर्मक 'झडणे'वरून दुसरा शब्द कशाला घडवायचा? शिवाय तो 'ती' प्रत्यय पाहा. भरती, गळती, घटती, चढती, वाढती ही सारी त्याची भावंडे, आणि ही सगळी कुठे राबतात? धान्याच्या अंबारात, तिजोरीत, जमाखर्चाच्या वहीत. मोजण्याजोग्या वस्तूत उणे-अधिक किती झाले, हे सांगणारी ही नामे आहेत. अशा कुळातला शब्द चोराच्या धोतरातून जन्माला आला असेल, हे मला संभवनीय वाटत नाही.

दुसरे एक मत खेड्यापाड्यांतून ऐकू येते. अंगात काही 'शिरले' असता मांत्रिक कडुलिंबाचा डहाळा किंवा मोरपिसांचा कुंचा डोक्यापासून पायापर्यंत फिरवून 'झाडतो', आणि झडती ही त्या विधीचीच सरकारी आवृत्ती, असे ते मत. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जवानाच्या हातातली ती धातुशोधक दांडी प्रवाशाच्या खांद्यावरून कमरेकडे, कमरेवरून पोटरीकडे उतरताना पाहिली की क्षणभर या मताला मान द्यावासा वाटतो. कुंच्यात आणि दांडीत फरक इतकाच, की भूत सापडल्यावर दांडी वाजते. परंतु मांत्रिकाच्या क्रियेला 'झाडणी' म्हणतात, 'झडती' कोणी म्हणत नाही. तेव्हा हे मत करमणुकीपुरते ठेवून पुढे जाऊ.

माझी उपपत्ती दप्तरखान्यातली आहे. पेशवे दप्तराचे रुमाल ज्यांनी हाताळले आहेत त्यांना रोजकीर्द, खतावणी, घडणी, तर्जुमा, ताळेबंद, अजमास, बेहेडा ही कागदांची जातकुळी ओळखीची असते, आणि याच पंक्तीत 'झडती' बसलेली असते. अजमास हा वर्षारंभीचा अंदाज. झडती हा वसूल, खर्च आणि बाकी यांचा तपशीलवार, शेवटास नेलेला हिशोब. गावाची ती गावझडती. कमाविसदाराने मामलतीचा हिशोब फडात समजवायचा, फडातल्या कारकुनाने तो आपल्याकडील नोंदींशी ताडून पाहायचा, आणि लपलेली रक्कम असेल ती या ताडण्यातून आपोआप गळून खाली पडायची. हे 'आपोआप'च महत्त्वाचे. इथे त्या अकर्मक धातूचे सार्थक होते. अंगाची झडती ही या हिशोबाच्या झडतीची धाकटी बहीण. कारकुनाच्या वहीनंतर त्याची पेटी, आणि पेटीनंतर त्याचे अंग, असा हा प्रवास झाला असला पाहिजे. तो कोणत्या साली झाला याचा दाखला माझ्यापाशी नाही, परंतु दिशा हीच, उलटी नव्हे, अशी माझी खात्री आहे.

प्रतिपक्ष म्हणेल की, दोन अर्थ शेजारी नांदतात एवढ्यावरून थोरला कोण ते ठरत नाही. खरे आहे. पण आपण क्रियापद कोणते लावतो ते पाहा. झडती जशी 'घेतात' तशी ती 'देतात'. हिशोब द्यावा-घ्यावा, जाब द्यावा-घ्यावा, तशीच झडती. हिशोबात दोन वह्या असतात, आणि कारकुनाची वही खोटी नाही हे आधी सिद्ध झाल्यावाचून कमाविसदाराच्या वहीला खोटे पाडता येत नाही. झडती मुळात अशी दुतर्फी होती.

हा दुतर्फीपणा इंग्रजी अमलात नाहीसा व्हावयाचा, पण तो भलत्याच ठिकाणी टिकला: पंचनाम्यात. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने घरझडतीच्या वेळी त्या वस्तीतले दोन प्रतिष्ठित रहिवासी हजर पाहिजेत, आणि स्त्रीची झडती स्त्रीनेच, शिष्टता काटेकोरपणे सांभाळून घ्यावी, असे सांगितले. परंतु पोलिसांनी आणि पंचांनी आत जाण्यापूर्वी आपली स्वतःची झडती घरधन्यास द्यावी, हे त्या संहितेच्या कलमात नव्हते. ते वहिवाटीने आले. 'समक्ष पंच व पोलीस स्टाफ यांनी प्रथम आपली अंगझडती घरमालकास दिली, त्यात आक्षेपार्ह असे काही मिळून आले नाही', या धाटणीचे वाक्य पंचनाम्यात सापडते, आणि ते नसले तर बचावाचा वकील त्यावर बोट ठेवल्यावाचून राहत नाही. बिहार सरकार विरुद्ध कपिल सिंह या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही १९६० च्या दशकाअखेर या रिवाजाची दखल घेतली. झडती घेणाऱ्याने आक्षेपार्ह वस्तू आपल्याच खिशातून नेऊन ठेवू नये, हे त्याचे उघड कारण. हा रिवाज न्यायालयांनी घडवला असे कायदेपंडित म्हणतील. मी म्हणतो, न्यायालयांनी तो मान्य केला. घडवला तो ज्यांना झडती ही देण्याघेण्याची वस्तू आहे हे ठाऊक होते त्यांनी. वणीच्या सभेत ज्यांनी ते आवाहन ऐकले, त्यांतल्या पंच म्हणून सही केलेल्या कोणालाही त्यात नवे काही वाटले नसेल.

वणी हे गावही या कथेला साजेसेच आहे. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांकडे आल्यानंतर या जिल्ह्याला बराच काळ 'ऊन' म्हणजे वणी जिल्हा म्हणत; यवतमाळ हे नाव १९०५ मधले. त्याआधी निजाम आणि नागपूरकर भोसले यांची या मुलखात दुअमली होती. एकाच गावात वसुलाला दोन धनी. दुअमलीत राहिलेल्या माणसाला, तपासायला येणारा कोणाचा आणि कोणत्या हक्काने, हे विचारण्याची सवय लागणारच. पुढच्या काळातही झडती या जिल्ह्याच्या परिचयाचीच राहिली. वर्धा नदीपलीकडचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा, आणि २०१५ ते २०२१ या काळात चंद्रपूर जिल्हाही तसाच; त्यामुळे नदीवरचे पूल म्हणजे नाके, आणि नाका म्हणजे गाडीची डिकी उघडणे.

आता विमानतळ. तिथल्या तपासणीचा वंश शोधताना इतिहासप्रेमी मंडळी थेट प्रतापगडाच्या पायथ्याशी जातात. १६५९ च्या त्या भेटीत शस्त्रे आणि माणसे किती असावीत याचा करार झाला होता, आणि तो पाळला गेला असता तर इतिहास निराळा झाला असता, हे खरे. पण दरबारात किंवा भेटीत शस्त्र उतरवून ठेवणे ही मानाची आणि अविश्वासाची बाब होती. तिथे ठरावीक दोन माणसांचा एकमेकांवर संशय होता. विमानतळावर संशय कोणावरच नसतो, आणि म्हणूनच तपासणी सगळ्यांची असते. तिचा खरा पूर्वज मला वणीजवळच सापडतो, राजूरच्या कोळसा खाणीत. भूमिगत खाणीत बिडी-काडेपेटी नेण्यास मनाई असते, आणि पाळीवर उतरण्यापूर्वी माणसाचे खिसे तपासण्याची तरतूद खाणींच्या नियमांत आहे. उतरणारा चोर आहे असे कोणी मानीत नाही. विसराळू असू शकतो एवढेच मानतात, कारण साठलेल्या वायूत एका काडीने सारी पाळी गारद होते. बंद जागा, सर्वांचे प्राण एकत्र गुंतलेले, आणि एकाच्या खिशातल्या वस्तूवर ते अवलंबून: विमानाचे याहून निराळे काय आहे? काडेपेटी तर दोन्हीकडे निषिद्ध वस्तूंच्या यादीत आहे.

बाकीचे टप्पे सर्वश्रुत आहेत. १९७१ मध्ये 'गंगा' विमान लाहोरला पळवले गेले, १९७६ च्या अपहरणानंतर १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षेचा स्वतंत्र कक्ष उघडला, १९८५ मध्ये प्रवाशावाचून चढलेल्या बॅगेने 'कनिष्क'मधील ३२९ माणसे मारली, आणि कंदाहारनंतर फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल विमानतळांवर आले.

मराठीत 'गावातले झाडून सारे लोक' म्हणतात, म्हणजे एकही न वगळता. झडतीच्या कुळातलेच हे बोलणे, आणि सार्वत्रिक तपासणीचे याहून नेमके वर्णन दुसऱ्या कुठल्या भाषेत सापडेल असे मला वाटत नाही. विमानतळाने हा अर्धा वारसा बहुतांशी सांभाळला. वैमानिकालाही त्या चौकटीखालून जावे लागते. अपवादांची एक राजमान्य यादी आहे खरी. पण त्या यादीत असूनही डॉ. अब्दुल कलाम यांची २००९ मध्ये दिल्लीत एका परदेशी विमान कंपनीने अंगझडती घेतली, तेव्हा ओरड देशाने केली, त्यांनी स्वतः नाही. वणीत विचारलेला पहिला प्रश्न, माझ्याआधी कोणाची घेतली, हा याच 'झाडून साऱ्यां'चा होता. आणि त्यानंतरच्या काही दिवसांत सर्वच पक्षांच्या पुढाऱ्यांच्या बॅगा उघडल्या गेल्या, हिंगोलीत श्री. अमित शहा यांचीही.

दुसरा अर्धा वारसा मात्र विमानतळावर हरवला. तिथे झडती घेतली जाते, दिली जात नाही. खासगीपणा राखण्यासाठी तिथे आहे तो पडदा: स्त्रियांसाठीची ती कापडी खोली, जिथे मंगळसूत्राची वाटी, बाळाच्या दुपट्याची पिन आणि साडीचा केळ यांच्यावरून दांडी फिरते. पडदा हवाच. पण पडद्याने फक्त बघ्यांपासून रक्षण होते. झडती घेणाऱ्यापासून होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये, झडती-जप्तीच्याच एम. पी. शर्मा खटल्यात, आपल्या संविधानात अमेरिकेसारखा खासगीपणाचा हक्क नाही असे म्हटले होते; २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ते फिरवले, आणि त्या पीठावर नागपूरचे न्या. शरद बोबडे होते. हक्क मान्य झाला, तरी तो बजावायचा कसा, याचे उत्तर पंचनाम्याच्या त्या वहिवाटीत अधिक स्पष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेने पोलिसांच्या झडतीचे दृकश्राव्य चित्रण बंधनकारक केले, ही माझ्या दृष्टीने दुतर्फी झडतीकडे परत येण्याची पहिली खूण. उलट विमानतळावर 'डिजियात्रा'मुळे चेहराच ओळखपत्र झाला आहे. तो डेटा प्रवाशाच्याच फोनमध्ये राहतो आणि विमानतळावरून चोवीस तासांत पुसला जातो असे सांगितले जाते. पुसला गेला की नाही याची झडती प्रवाशाला कोण देणार? जोवर तशी सोय नाही, तोवर ही योजना ऐच्छिक आहे हे लक्षात ठेवून कागदी तिकिटाच्या रांगेत उभे राहणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

राहता राहिला माझ्या उपपत्तीचा पुरावा. वणी, केळापूर, दारव्हा, पुसद या बाजूला ज्यांच्या घरी देशमुखी-देशपांडेपणाचे किंवा पटवारगिरीचे जुने दप्तर रुमालात बांधून माळ्यावर पडले असेल, त्यांनी ते वाळवीच्या आधी खाली काढावे. त्यात १८५३ च्या मागची गावझडती निघाली, आणि तीत कोठे माणसाच्या अंगाची झडती दिल्या-घेतल्याचा उल्लेख आढळला, तर तो कागद नागपूरच्या विदर्भ संशोधन मंडळाला अवश्य दाखवावा. मग तो माझ्या बाजूचा निघो की विरुद्ध.