पॅच नोट्स

पॅच नोट्स (शब्दशः दुरुस्ती-टिपा) म्हणजे संगणकीय खेळाच्या नव्या आवृत्तीत केलेल्या दुरुस्त्या, फेरबदल व नवी भर यांची खेळाडूंच्या माहितीसाठी प्रसिद्ध केली जाणारी नोंद होय. ऑनलाइन खेळांत या नोंदीला विशेष महत्त्व आहे. पटावरच्या खेळाचे नियम खेळाडूंना ठाऊक असतात व त्यांच्या संमतीवाचून बदलत नाहीत. ऑनलाइन खेळाचे नियम मात्र निर्मात्याच्या सर्व्हरवर असतात आणि निर्माता ते केव्हाही बदलू शकतो. असा बदल झाल्याचे खेळाडूला अधिकृतपणे कळण्याचे प्रमुख साधन म्हणजे पॅच नोट्स.

== संज्ञा ==
इंग्रजीतील 'पॅच' या शब्दाचा अर्थ ठिगळ असा आहे. संगणकाची आज्ञावली छिद्रित पत्रांवर किंवा कागदी पट्ट्यांवर साठवली जात असे, त्या काळी चुकीच्या छिद्रावर कागदाचा तुकडा चिकटवून अथवा पट्टीचा सदोष भाग कापून तेथे नवा भाग जोडून दुरुस्ती करीत. त्यावरून आज्ञावलीतील कोणत्याही दुरुस्तीला पॅच म्हटले जाऊ लागले.

खेळाडूंच्या बोलीत एखाद्या पात्राचे किंवा शस्त्राचे बळ वाढवणाऱ्या बदलाला 'बफ' आणि बळ घटवणाऱ्या बदलाला 'नर्फ' म्हणतात. 'नर्फ' हा शब्द फोमच्या निरुपद्रवी गोळ्या मारणाऱ्या खेळण्यांच्या नाममुद्रेवरून आला आहे.

== लहान दुरुस्त्यांचे प्रकार ==
* '''पॅच''' : ही दुरुस्ती खेळाडूच्या संगणकावर किंवा मोबाइलवर उतरवून घ्यावी लागते. गेम कन्सोल व मोबाइलवरील खेळांच्या बाबतीत ती आधी त्या मंचाच्या चालकाकडून तपासली जाते. त्यामुळे दोष सापडणे आणि दुरुस्ती पोहोचणे यांत काही काळ जातो.
* '''हॉटफिक्स''' : ही तातडीची दुरुस्ती असते. ऑनलाइन खेळांत ती बहुधा थेट सर्व्हरवर केली जाते व खेळाडूला काहीही उतरवून घ्यावे लागत नाही. खेळाडूच्या नकळत खेळ बदलण्याची शक्यता येथेच सर्वाधिक असल्याने काही निर्माते हॉटफिक्सची नोंद स्वतंत्रपणे ठेवतात. ब्लिझार्ड एंटरटेनमेंट ही कंपनी ''वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'' (२००४) या खेळातील हॉटफिक्सची दिनांकवार यादी प्रसिद्ध करते.

== स्वरूप ==
पॅच नोट्समध्ये सामान्यतः आवृत्तीचा क्रमांक, दिनांक आणि विषयवार मांडलेले बदल असतात. १.४.२ अशा त्रिपदी क्रमांकात शेवटचा अंक बहुधा लहान दुरुस्ती दर्शवतो. अद्याप न सुटलेल्या दोषांची यादीही अनेकदा सोबत जोडली जाते. त्यामुळे तीच तक्रार पुन्हा पुन्हा येण्याचे प्रमाण घटते.

लेखनाच्या दोन पद्धती ठळकपणे दिसतात. ''डोटा २'' या खेळाच्या टिपांत जुनी व नवी आकडेवारी दिली जाते, कारणे सहसा दिली जात नाहीत. रायट गेम्सच्या ''लीग ऑफ लेजेंड्स'' (२००९) या खेळात सुमारे दोन आठवड्यांनी नवा पॅच येतो. त्याच्या टिपांत आकड्यांसोबत तो बदल का केला हे सांगणारा छोटा परिच्छेदही असतो. पहिल्या पद्धतीत अर्थ लावण्याचे काम खेळाडूवर सोपवले जाते; दुसऱ्या पद्धतीत निर्मात्याने दिलेले कारण पुढील निकालांशी ताडून पाहता येते.

'काही किरकोळ दोष दूर केले' अशी मोघम नोंदही प्रचलित आहे. तिच्यावर टीका होत असली तरी एका बाबतीत मोघमपणा समर्थनीय मानला जातो. एखाद्या त्रुटीचा गैरफायदा घेऊन खेळातील वस्तू वा चलन वाढवता येत असेल, तर दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत तिचा तपशील गुप्त ठेवला जातो.

== अघोषित बदल ==
टिपांत न नोंदवलेल्या बदलाला खेळाडू 'छुपा' बदल म्हणतात. नोंद राहून जाण्याचे कारण प्रत्येक वेळी लपवाछपवी हेच असते असे नाही. बदल करणारे अभियंते आणि टिपा लिहिणारे कर्मचारी अनेकदा वेगळे असतात, तसेच एका दुरुस्तीचा परिणाम अनपेक्षितपणे दुसरीकडेही होतो. मात्र खेळाडू खेळाच्या फाइली तपासून किंवा मोजमाप करून असे बदल शोधून काढतात.

== उल्लेखनीय घटना ==
'''ईव्ह ऑनलाइन (२००७) :''' आइसलँडमधील सीसीपी या कंपनीने डिसेंबर २००७ मध्ये 'ट्रिनिटी' ही भर प्रसिद्ध केली. फाइलचा मार्ग लिहिताना झालेल्या चुकीमुळे खेळाच्या स्वतःच्या फाइलीऐवजी विंडोज एक्सपी सुरू होण्यास आवश्यक असलेली 'बूट.आयएनआय' ही फाइल पुसली गेली. त्यामुळे काही खेळाडूंचे संगणक सुरूच होईनात. कंपनीने दुरुस्तीचे उपाय दिले आणि चूक कशी घडली याचे सविस्तर निवेदन प्रसिद्ध केले.

'''डेस्टिनी २ (२०१७) :''' पडद्यावर दिसणारे अनुभव-गुण आणि प्रत्यक्ष जमा होणारे गुण यांत तफावत असल्याचे नोव्हेंबर २०१७ मध्ये खेळाडूंनी मोजून दाखवले. बंगी या निर्मात्या कंपनीने गुण कमी करणारी ती यंत्रणा असल्याचे मान्य करून ती बंद केली. परंतु त्याच वेळी पुढील पातळी गाठण्यासाठी लागणारे गुण ८०,००० वरून १,६०,००० करण्यात आले व ही बाब सुरुवातीला जाहीर केली गेली नाही. पातळी वाढल्यावर मिळणारे बक्षीस पैसे देऊनही घेता येत असल्याने या प्रकरणी मोठा रोष निर्माण झाला.

'''फोर्टनाइट (२०१९) :''' ऑक्टोबर २०१९ मध्ये या खेळाचे दुसरे पर्व सुरू झाल्यावर एपिक गेम्सने पूर्वीसारख्या सविस्तर टिपा देणे थांबवले. नव्या गोष्टी खेळाडूंनी स्वतः शोधाव्यात, ही कल्पना काहींना रुचली. स्पर्धात्मक खेळाडूंनी मात्र सविस्तर टिपांची मागणी केली.

== विनोदाचा वापर ==
काही निर्माते टिपांत विनोदही करतात. ''माइनक्राफ्ट'' या खेळात 'हेरोब्राइन' नावाचे भुताटकीचे पात्र असल्याची अफवा पसरली होती. प्रत्यक्षात असे पात्र खेळात कधीच नव्हते. तरीही २०११ पासून अनेक आवृत्त्यांच्या बदलसूचीत 'हेरोब्राइनला काढून टाकले' अशी ओळ येत राहिली. त्यामुळे अफवा शमण्याऐवजी तिची लोकप्रियता वाढली.

== हे सुद्धा पहा ==
* संगणक आज्ञावली
* व्हिडिओ गेम
* माइनक्राफ्ट