बाळाचा घरगुती पूरक आहार आणि कोलकात्याचे ‘न्यूट्रीमिक्स’

अर्भकास पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2001 मध्ये स्पष्ट केले. त्यानंतर मात्र आईचे दूध एकटे पुरे पडत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या स्तनपान करणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे 200, नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला 300 आणि एक वर्षानंतर 550 कॅलरी मिळणे आवश्यक असते. भारतातील पाच वर्षांखालील 35.5 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी असल्याचे 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. वाढ खुंटण्यास बहुतांशी याच वयात प्रारंभ होतो.

या प्रश्नावर बाजारातील डब्याखेरीज दुसरे उत्तर शोधणाऱ्यांमध्ये कोलकात्यातील ‘चाइल्ड इन नीड इन्स्टिट्यूट’ या संस्थेचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. बालरोगतज्ज्ञ डॉ. समीर चौधरी यांनी 1974 मध्ये तिची स्थापना केली. शहराच्या दक्षिणेस पैलान परिसरात तिचे मुख्य केंद्र आहे. औषधोपचाराने बरे होऊन घरी गेलेली कुपोषित मुले पुन्हा त्याच अवस्थेत दवाखान्यात येतात, ही त्या काळच्या बालरोगतज्ज्ञांची नेहमीची अडचण होती. तिच्यावर तोडगा म्हणून संस्थेने ‘न्यूट्रीमिक्स’ हे पीठ प्रचारात आणले. त्यात नवलाचे काहीच नाही. स्थानिक धान्य आणि डाळ भाजून, एकत्र दळून ते तयार होते. मातेला मुलासह केंद्रात ठेवून घेऊन हे अन्न तिच्याच हातून शिजवून घेण्यावर संस्थेचा भर राहिला. घरी परतल्यावर तिला ते स्वतः करता यावे, हा त्यामागील हेतू.

धान्य व डाळ एकत्र करण्यास शास्त्रीय आधार आहे. तांदूळ आणि गहू यांच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. डाळीत ते विपुल असते, तर डाळीतील मेथिओनिनची उणीव धान्य भरून काढते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे ‘हैदराबाद मिक्स’ याच तत्त्वावर बेतलेले आहे. त्यात 40 ग्रॅम गहू, 16 ग्रॅम हरभरा डाळ, 10 ग्रॅम शेंगदाणे आणि 20 ग्रॅम गूळ असतो. या 86 ग्रॅममधून सुमारे 330 कॅलरी आणि 11.3 ग्रॅम प्रथिने मिळतात. एवढा गूळ मात्र आजच्या शिफारशींशी जुळत नाही. दोन वर्षांखालील मुलांच्या अन्नात वरून साखर वा मीठ घालू नये, असेच आता सांगितले जाते. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध तर मुळीच देऊ नये. त्यातून बोट्युलिझम या विषबाधेचा धोका संभवतो.

बंगालमध्ये बाळाच्या पहिल्या घासाचा सोहळा ‘अन्नप्राशन’ किंवा ‘मुखे भात’ म्हणून ओळखला जातो. मुलाचा सम महिन्यात, मुलीचा विषम महिन्यात, आणि पायस भरविण्याचा मान मामाचा. मराठी घरांतील उष्टावणाशी याचे साम्य उघड आहे. पाचव्या महिन्यातील मुहूर्त मात्र वैद्यकीयदृष्ट्या लवकरचा ठरतो. मुहूर्त पाळावयाचाच असेल, तर सातवा महिना उपलब्ध असतोच. त्यानंतर बाळाला काय दिले जाते, हा खरा कळीचा मुद्दा. साबूदाणा, बार्ली किंवा ‘शटी’ म्हणजे एका जातीच्या रानहळदीच्या कंदाचे सत्त्व बंगाली घरांत पूर्वापार दिले जाई. आपल्याकडील आरारूट त्याच पंक्तीतले. हे पदार्थ पचण्यास हलके खरे, परंतु त्यांत प्रथिने नाममात्र असतात. त्यापेक्षा मसूर डाळ, भोपळा आणि चमचाभर तेल घातलेली मऊ खिचडी, किंवा काटे काळजीपूर्वक काढून कुस्करलेला मासा आणि भात कितीतरी सरस.

घरगुती अन्नातील सर्वांत मोठा दोष पातळपणाचा असतो. पीठ शिजले की घट्ट होते, बाळाला गिळता यावे म्हणून आई पाणी वाढविते आणि वाटीतील पोषण निम्म्यावर येते. बाळाचे पोट लहान. ते अशा पेजेने भरते, परंतु शरीराची गरज भागत नाही. यावर मोड आणण्याचा उपाय आहे. मोड आलेल्या धान्यात अमायलेज हे विकर तयार होते आणि ते पिष्टमय पदार्थाचे विघटन करते. असे धान्य वाळवून, अगदी हलके भाजून त्याचे पीठ करावे. चिमूटभर पीठ गरम, दाट खिमटात ढवळले की काही मिनिटांत खिमट सैल होते. पाणी घालावे लागत नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी या विषयावर संशोधन केले. आजीबाईंचे नाचणीचे सत्त्व याच तत्त्वावर चालत आले आहे. ते वस्त्रगाळ करताना कोंड्याबरोबर काही खनिजे वाया जातात, एवढेच.

कृती सोपी आहे. धान्य तीन ते चार भाग आणि मूग किंवा हरभऱ्याची डाळ एक भाग घ्यावी. निवडून, वेगवेगळे खमंग भाजून, थंड झाल्यावर दळावे. भाजल्याने ओलावा जातो, पीठ लवकर शिजते आणि इंधनही वाचते. कोलकाता असो वा कोकण, पावसाळ्याच्या दमट हवेत पीठ थोडेथोडेच करावे, घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावे. बुरशीचा वास येणारे शेंगदाणे त्यात कदापि घालू नयेत. त्यांतील अफ्लाटॉक्सिन हे विष भाजल्याने पूर्णपणे नष्ट होत नाही. खिमट चमच्यावरून लगेच ओघळणार नाही इतपत दाट असावे आणि ते वाटी-चमच्यानेच भरवावे, बाटलीने नव्हे. सुरुवातीला दिवसातून दोन-तीन वेळा, नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा द्यावे. पिठात लोह आणि ‘अ’ जीवनसत्त्व पुरेसे नसल्याने अंडे, मासे, पालेभाज्या आणि फळे यांची जोड द्यावीच लागते.

दोन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठीच्या तयार अन्नाच्या जाहिरातीस भारतात 1992 चा कायदा आणि त्यातील 2003 ची दुरुस्ती यांन्वये बंदी आहे. तरीही डब्यातील अन्नच अधिक ‘शास्त्रीय’, हा समज शहरांत टिकून आहे.

घरगुती मिश्रण हे तीव्र कुपोषणावरील उपचार नव्हे. सहा महिन्यांपुढील बालकाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरल्यास, किंवा दोन्ही पावलांवर सूज दिसल्यास, त्यास विनाविलंब पोषण पुनर्वसन केंद्रात किंवा रुग्णालयात न्यावे. हा घेर मोजण्याची रंगीत पट्टी अंगणवाडी सेविकेकडे मिळू शकते.