बायबलातली ओवी

नागपूरच्या सक्करदऱ्यात तलावापासून जवळच मित्राच्या घरी मुक्कामाला होतो. पहाटे जाग आली ती त्याच्या आजीच्या आवाजानं. खाटेवर पाय सोडून बसलेल्या, डोक्यावर पदर, मांडीवर जाडजूड बायबल, आणि खुणेला जुन्या लग्नपत्रिकेची कापलेली पट्टी. "विलापगीत, तिसरा अध्याय, बाविसावी ओवी," असं म्हणून त्यांनी बोट ठेवलं आणि वाचायला लागल्या. देवाची दया दर सकाळी नवी असते, असा तिथला आशय. दोन ओव्या झाल्या, पुस्तक मिटलं, आणि वाचलेल्याचाच धागा धरून प्रार्थना सुरू झाली: "हे स्वर्गीय बापा, कालची दया काल पुरली. आज नातवाचा पेपर आहे, सुनेचा गुडघा दुखून राहिला. आजची आज दे."

आमेन झालं, चहा आला. माझ्या डोक्यात मात्र 'ओवी' अडकली होती.

ओवी ज्ञानेश्वरीची, ओवी जात्यावरची. बायबलातल्या, मराठीत छंद नसलेल्या वाक्याला ओवी कोणी म्हटलं? नागपुरातले हिंदी भाषक ख्रिस्ती शेजारी त्याच तुकड्याला पद म्हणतात, उर्दू वळणाचे आयत म्हणतात. गुजराती बायबलात ती कलम होते. मराठी घरांत 'वचन'ही चालतं, पण आकडा सांगायची वेळ आली की तोंडात ओवी येते.

सकाळ-संध्याकाळच्या उपासनेचा बाकीचा इतिहास सरळ आहे. 1549 साली इंग्लंडात आर्चबिशप क्रॅन्मरनं मठांतल्या दिवसभराच्या प्रार्थनावेळा दोनवर आणल्या, सकाळची आणि संध्याकाळची, आणि दोन्हींना बायबलचे नेमून दिलेले पाठ जोडले. स्कॉटलंडच्या चर्चनं 1647 मध्ये घरोघरच्या उपासनेचे नियम घालून दिले. जर्मनीतल्या हेर्नहूटच्या मोरेव्हियन मंडळींनी चिठ्ठ्या टाकून रोजचं एक वचन काढायला सुरुवात केली आणि 1731 साठी तशी पुस्तिकाच छापली. 1845 मध्ये मिशनरी स्टीफन हिस्लॉप नागपुरात आले तेव्हा इथं भोसल्यांचं राज्य होतं, आणि ते ज्या स्कॉटिश फ्री चर्चचे होते तिथं ही कौटुंबिक उपासना अंगवळणी पडलेली होती. रोजचं एकच वाक्य निवडायचं तर त्याला आकडा हवा. नव्या कराराला आज चालतात ते आकडे 1551 मध्ये रोबेर एस्तिएन या मुद्रकानं घातले. इथवर वाद नाही. वाद आहे तो आकड्यामागच्या मराठी शब्दाचा.

पहिला दावा गोव्याचा. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं क्रिस्तपुराण 1616 मध्ये छापलं गेलं, आणि त्यात जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत आधीच आलेली, मग शब्द तिथूनच आला असणार, असं कुणालाही वाटेल. मलाही आठवडाभर तसंच वाटत होतं. पण स्टीफन्सच्या सर्गाचं नाव 'अवस्वरु' आहे. तिथून ओवी उचलली असती तर अवस्वरुही मागोमाग आला असता. बायबलात आला तो 'अध्याय'. अध्याय आणि ओवी ही जोडी ज्ञानेश्वरीच्या, एकनाथी भागवताच्या वाचकाची. अमुक अध्याय, अमुक ओवी, असं पोथीतलं स्थळ सांगायची सवय मराठी माणसाला पिढ्यान्‌पिढ्यांची. भाषांतरकार मिशनऱ्यांजवळ बसलेले पंडित याच पोथ्यांवर वाढलेले. पवित्र ग्रंथाचा आकडा घातलेला सर्वांत लहान तुकडा, एवढ्या अर्थाचा शब्द त्यांच्याजवळ तयार होता. तो त्यांनी पुढं केला असं मी धरून चालतो. शब्दाबरोबर छंद आला नाही, आकडा तेवढा आला.

बंगालातल्या श्रीरामपूरला मिशनरी विल्यम केरीच्या छापखान्यात मराठी नवा करार निघाला 1811 मध्ये, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत तिथूनच राघोजी भोसल्यांची वंशावळीही छापून बाहेर पडली. सक्करदऱ्याच्या वाड्यातले भोसले आणि आजीच्या मांडीवरचं बायबल तिथल्या दूरच्या एकाच छापखान्यात शेजारी होते, हे कळलं त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नाही.

पोथीचा माझा दावा असा पक्का बसत होता, तेवढ्यात जातं आडवं आलं. 'ओवी' शब्दाची व्युत्पत्ती 'ओवणे' पासून सांगतात. फुलं ओवावीत तसे शब्द ओवायचे. 'ओवाळणे'शीही नातं जोडता येईल, पण मला ओवणेच पटतं, कारण यमकाचे तीन चरण आणि मागून येणारा चौथा आखूड चरण म्हणजे दोऱ्याला मारलेली गाठच. शब्द मात्र पोथीहून जुना आहे. 1129 च्या सुमाराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या दीडशे वर्षं आधी, महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. जात्यावरच्या ओवीला आकडा नसतो असं मी समजत होतो, तेही चूक. पहाटे जात्याशी बसलेली बाई पहिली ओवी, दुसरी ओवी अशी मोजते, आणि एकेक ओवी देवाला, आईबापाला, भावाला वाहते. पहाट, मोजलेली ओवी, आणि तिच्या आधारानं घरच्यांची नावं घेणं. आजीनं त्या सकाळी दुसरं काय केलं होतं?

तेव्हा आता माझं म्हणणं असं: शब्द पंडितानं पोथीतून दिला, टिकवला तो जात्यानं. पद किंवा कलम यांना घरात तसा आधीचा आवाज नव्हता.

संध्याकाळी आजीलाच विचारलं, "आजी, ओवी का म्हणता?"

"मंग काय म्हणू बाबू? माय जात्यावर म्हणे तीही ओवीच. लहानपणी बायबल ऐकलं तेही तिच्याच तोंडून, दळता दळता."

दिवा लागला होता. त्यांनी पट्टी काढली, चष्मा पुसला आणि स्तोत्रसंहिता उघडली. संध्याकाळी वर केलेल्या हातांचं स्तोत्र आहे ना, एकशे एकेचाळिसावं, ते. पुस्तक माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "दुसरी ओवी. तू वाच आज."

मी वाचली.