बुजवलेला खंदक आणि उट्रेख्तचं स्टेशन

परवा भारतातून आलेल्या मामांना घेऊन उट्रेख्त सेंट्रालला उतरलो. शहराच्या बाजूने बाहेर पडल्यावर खंदकाचं पाणी लागतं. मामा कठड्याला टेकून म्हणाले, "किती जुनं जपून ठेवलंय रे या लोकांनी!" मी म्हटलं, "मामा, हे पाणी इथे २०२० साली परत आलंय." त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. घरी पोचेपर्यंत त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो, कारण आपल्यातले कितीतरी जण रोज या स्टेशनात गाडी बदलतात आणि आपण नेमके कुठून चालतोय हे माहीत नसतं.

आम्सटरडॅम ते उट्रेख्त रेल्वे १८ डिसेंबर १८४३ रोजी सुरू झाली, म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाण्याच्या गाडीच्या नऊ वर्षं आधी. जुनं शहर खंदकाच्या आत, स्टेशन खंदकाच्या बाहेर. उतरायचं, पाणी ओलांडायचं की आलं गाव. देशाच्या मधोमध असल्यामुळे चारी दिशांच्या लाइनी इथे येऊन मिळाल्या आणि उट्रेख्त मोठं जंक्शन झालं. १९३८ मध्ये स्टेशनची इमारत जळाली. वास्तुकार सिबोल्ड फान राफेस्टाइन यांनी ती नव्याने उभी केली.

मग मोटारींचा जमाना आला. १९५८ मध्ये एका जर्मन वाहतूक तज्ज्ञाने सल्ला दिला की खंदक बुजवा आणि त्यावरून रिंगरोड न्या. पाठोपाठ १९६२ मध्ये ब्रेडेरो या बांधकाम कंपनीची योजना आली: स्टेशन, दुकानं, ऑफिसं, पार्किंग, सगळं एकाच छपराखाली. तेच आपलं होख कातरैने. २४ सप्टेंबर १९७३ रोजी राजकन्या बेआट्रिक्स यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. त्याच दशकात फान राफेस्टाइन यांची इमारत पाडली गेली. खंदकाचा स्टेशनजवळचा भाग कोरडा करून तिथे हायवेसारखा रुंद रस्ता झाला.

आज हसणं सोपं आहे. पण तेव्हा हा खुळेपणा नव्हता. पावसात न भिजता गाडीतून थेट बाजारात जाता येत होतं. शहर मागे पडू नये असं सगळ्यांनाच वाटत होतं, आणि मोटारीला वाट करून देणं म्हणजे पुढे जाणं, अशी तेव्हाची समजूत होती.

बिघडलं ते पुढे. स्टेशनला स्वतःचं तोंडच उरलं नाही. गाडीतून उतरलेला माणूस मॉलमध्ये शिरायचा आणि शहर शोधत बसायचा. सार्वजनिक रस्ता आणि खासगी दुकानांची गल्ली यातला फरकच पुसला गेला. दुकानं मिटली की तिथे भीती वाटायची. १९८०-९० च्या दशकांत व्यसनी आणि बेघर माणसांनी तिथल्या बोगद्यांचा आसरा घेतला. घर नसलेला माणूस जाणार कुठे, हाही प्रश्नच होता. पण नाव स्टेशनचं खराब झालं.

वर्षानुवर्षं नुसती चर्चा. शेवटी २००२ मध्ये पालिकेने दोन आराखडे लोकांपुढे ठेवून सार्वमत घेतलं. लोकांनी निवडला तो खंदकात पाणी परत आणणारा आराखडा. एका मॉलने आणि एका रस्त्याने गिळलेलं शहर लोकांनी मतपेटीतून परत मागितलं, असं मी म्हणेन.

त्यानंतर काम चाललं ते गाड्या चालू ठेवून. त्यातलं सगळ्यात मोलाचं काम आपल्याला दिसतच नाही, ते रुळांवर आहे. पूर्वी इथे जवळपास २०० सांधे होते, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर घ्यायच्या जागा. कुठलीही गाडी कुठेही नेता यायची. सोय वाटते, पण एक सांधा अडला की एका लाइनचा उशीर दुसऱ्या लाइनला लागायचा. जपानी रेल्वेकडून धडा घेऊन हे सांधे साठच्या आसपास आणले आणि प्रत्येक दिशेच्या गाड्यांना आपापले रूळ दिले. स्टेशनात ताशी ४० किलोमीटरने शिरणारी गाडी आता ८० ने येऊ शकते. काही काढून टाकणं हीसुद्धा सुधारणाच असते!

२०१६ मध्ये लाटांसारख्या छपराचा नवा हॉल पूर्ण झाला. कार्ड टेकवायच्या गेटच्या बाहेरून, तिकीट नसलेल्यालाही या बाजूचं त्या बाजूला जाता येईल अशी वाट ठेवली. स्टेशन आणि मॉल यांच्यामध्ये पुन्हा उघडा चौक आला. चौकाखाली १२,५०० सायकलींचा तीन मजली तळ २०१९ मध्ये पूर्ण झाला. सायकलवर बसूनच आत जायचं आणि पहिले २४ तास पैसे नाहीत. आणि सप्टेंबर २०२० मध्ये खंदकाचा उरलेला तुकडा पाण्याने भरला. आज त्या हायवेच्या जागी लोक होड्या वल्हवतात.

सगळं गोड झालं असं नाही. मॉल गेला नाही, नव्याने सजला. शहरात जाताना आजही आपण बहुतेक वेळा त्याच्यातूनच जातो. आणि मतदानापासून पाणी येईपर्यंत अठरा वर्षं गेली. बुजवायला जेवढा वेळ लागला त्याच्या कितीतरी पट वेळ उकरायला लागला.

मामांनी शेवटी विचारलं, "तुला मत होतं का रे?" २००२ मध्ये मी इथे नव्हतोच. पण आता आहे. नेदरलँड्समध्ये सलग पाच वर्षं कायदेशीर राहिलेल्या परदेशी नागरिकाला, डच पासपोर्ट नसतानाही, पालिकेच्या निवडणुकीत मत देता येतं. आपल्यातल्या कितीजणांना हे ठाऊक आहे? मतदानाचा पास घरी येतो आणि जाहिरातींच्या कागदांबरोबर रद्दीत जातो. स्टेशनपासून सायकल तळापर्यंत जे आपण रोज वापरतो ते पालिकेत बसलेल्या माणसांच्या सहीने होतं किंवा बिघडतं.

पुढच्या वेळी पास आला की फेकू नका. आणि स्टेशनवर दहा मिनिटं हाताशी असतील तर खाली उतरून ते पाणी बघून या.