मासेमारीचा एवढासा फ्लोट नेमकं किती वजन पेलतो? किचनमधल्या काट्यावर काढा उत्तर

अलिबाग, मुरुड, हर्णै, मालवण. कोकणातल्या कुठल्याही किनाऱ्यावर फिरताना वाळूत एक गोष्ट हमखास सापडते. लिंबा-संत्र्याएवढा, मधोमध भोक असलेला रंगीत फ्लोट. कुणाच्या तरी जाळ्यातून सुटून आलेला.

हातात घेतला तर वजन लागतच नाही. पण असेच फ्लोट पाण्यात जाळ्याची अख्खी भिंत उभी धरतात. मग यातला एक फ्लोट किती वजन पेलतो? पन्नास ग्रॅम? अर्धा किलो? आणि असे चार-पाच कमरेला बांधले तर माणूस तरंगेल का?

शेवटचा प्रश्न गमतीचा वाटेल, पण धरण आणि दगडखाणीच्या पाण्यात उतरणारी पोरं अशाच अंदाजावर उतरतात. म्हणून उत्तर आकड्यातच काढूया.

गणित एवढंच आहे

आर्किमिडीज आणि त्याच्या आंघोळीची गोष्ट शाळेत ऐकून झालीय, ती परत सांगत नाही. आपल्या कामाचा भाग एवढाच: वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका रेटा तिला वरच्या दिशेने मिळतो.

फ्लोट पूर्ण बुडाला की तो स्वतःच्या घनफळाएवढं पाणी सारतो. याहून जास्त रेटा त्याला मिळूच शकत नाही. या रेट्यातला काही भाग फ्लोटचं स्वतःचं वजन उचलण्यात जातो. जे उरतं, ते आपल्या कामाचं.

म्हणजे सारलेल्या पाण्याचं वजन, वजा फ्लोटचं वजन. संपलं.

समजा, ५ सेंटिमीटर व्यासाचा गोल फ्लोट आहे (भोक सध्या विसरा). गोलाचं घनफळ काढायची सोपी रीत म्हणजे व्यास तीनदा गुणायचा आणि आलेल्या आकड्याला ०.५२ ने गुणायचं. ५ × ५ × ५ म्हणजे १२५, त्याला ०.५२ ने गुणलं की ६५ घन सेंटिमीटर. एक घन सेंटिमीटर गोड्या पाण्याचं वजन १ ग्रॅम, म्हणजे रेटा ६५ ग्रॅमचा. फ्लोट स्वतः १२ ग्रॅमचा असेल तर उरले ५३ ग्रॅम. समुद्राचं पाणी साधारण अडीच टक्के जड असतं, त्यामुळे तिथे हाच फ्लोट ५५ ग्रॅमच्या आसपास पेलेल.

आता व्यास दुप्पट करा, १० सेंटिमीटर. वजन किती पेलेल? दुप्पट नाही, आठपट. त्याच मटेरियलचा असेल तर गोड्या पाण्यात जवळपास ४२५ ग्रॅम. नुसत्या डोळ्यांनी अंदाज बांधणारे इथेच फसतात, कारण दोन फ्लोट शेजारी ठेवले तर मोठा काही छोट्याच्या आठपट दिसत नाही.

सूत्र नको असेल तर काटा आणा

फ्लोट क्वचितच नीट गोल असतात. कुणी लांबट, कुणी अंड्यासारखा, प्रत्येकाला भोक. अशा वेळी सूत्राच्या मागे लागण्यापेक्षा किचनमधला डिजिटल वजनकाटा बरा.

काट्यावर पाण्याचं खोलगट भांडं ठेवा. त्यात फ्लोट तरंगता सोडा आणि काटा शून्यावर आणा. आता विणायच्या सुईसारख्या बारीक सळईने फ्लोट हळूच दाबा, जेमतेम पूर्ण बुडेपर्यंत. तो तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. भोकात हवेचा बुडबुडा अडकला असेल तर आधी हलवून काढून टाका. काट्यावर दिसणारा आकडा हेच तुमचं उत्तर. वजाबाकीही करावी लागत नाही, कारण फ्लोटचं स्वतःचं वजन आपण शून्य करतानाच बाजूला काढलं.

हे मी पहिल्यांदा केलं तेव्हा सळईऐवजी बोटाने दाबलं होतं. आकडा भलताच मोठा आला, कारण पाण्यात गेलेलं बोटही पाणी सारत होतं! म्हणून सळई बारीकच हवी.

५५ ग्रॅम पेलतो म्हणजे ५५ ग्रॅमचं शिसं लावायचं का?

नाही, थोडं जास्त चालतं. टांगलेली वस्तूही पाण्यात बुडालेली असते, त्यामुळे तिचंही वजन घटतं. किती घटेल, ते ती वस्तू कशाची आहे त्यावर ठरतं. शिसं अतिशय घन, समुद्रात त्याचं वजन जेमतेम ९ टक्के कमी होतं. म्हणजे ५५ ग्रॅमच्या फ्लोटला सुमारे ६० ग्रॅम शिसं टांगता येतं. लोखंडाचं वजन १३ टक्के घटतं. आपल्याकडचा काळा बेसाल्ट दगड मात्र तिसऱ्या हिश्श्याहून जास्त हलका होतो. किलोभराचा दगड समुद्रात ६५० ग्रॅमच्या आसपास भरतो.

जाळ्याचा नायलॉन तर जवळजवळ पाण्याइतक्याच घनतेचा. १० किलो कोरडं नायलॉन समुद्राच्या पाण्यात जेमतेम किलोभर वजन दाखवतं. फ्लोटचा खरा झगडा जाळ्याशी नाही, खालच्या दोरीला लावलेल्या शिशाशी असतो.

समजा, जाळ्याला ५ किलो शिसं आहे आणि नायलॉन १० किलो. पाण्यात शिसं साधारण साडेचार किलो, नायलॉन एक किलो, मिळून साडेपाच. नुसता तोल साधायलाच आपले ५५ ग्रॅमवाले १०० फ्लोट लागले. जाळं वरच्या थरात मारायचं असेल तर याहून बरेच जास्त लावतात. तळाला बसवायचं असेल तर मुद्दाम कमी, म्हणजे शिसं जिंकतं, पण वरची दोरी उचललेली राहते.

हिशेब चुकला तर नुकसान मच्छीमाराचं. पृष्ठभागावर मारलेलं जाळं बुडालं, खडकात अडकलं, तुटलं, की तेवढे पैसे पाण्यात. नायलॉन कुजत नाही. तुटलेलं जाळं पुढेही मासे आणि कासवं अडकवत राहतं.

गळाच्या फ्लोटचं उलटंच असतं

गळ टाकून बसणाऱ्यांना फ्लोट जेमतेम तरंगता हवा असतो, फक्त टोक वर. जास्त तरंगला तर माशाला आमिष ओढताना अडथळा जाणवतो आणि तो सोडून देतो. म्हणून या फ्लोटवर किती शिसं लावायचं ते ग्रॅममध्ये छापलेलं असतं. ब्रिटिश पद्धतीच्या फ्लोटवर ‘३ बीबी’ असंही दिसेल. एक बीबी म्हणजे ०.४ ग्रॅमची शिशाची गोळी, तीन मिळून १.२ ग्रॅम. (ब्रिटनमध्ये अशा बहुतेक लहान शिशाच्या वजनांच्या विक्रीवर १९८७ पासून बंदी आहे, कारण ती गिळून हंस मरत होते. आता तिथे इतर धातूंच्या गोळ्या वापरतात.)

बादलीतला आकडा खोल पाण्यात टिकत नाही

१० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, २० मीटरवर तिप्पट. बूच लावलेली रिकामी प्लास्टिकची बाटली पाण्याच्या वर किलोभर वजन आरामात पेलते, पण १० मीटर खाली ती चेपून आतली हवा निम्म्या जागेत मावते. घनफळ गेलं की रेटाही गेला. मऊ फोमही दाबला जातो. म्हणूनच तळाच्या जाळ्यांना कडक कवचाचे फ्लोट लावतात.

मग माणूस?

माणसाचं शरीर पाण्याच्या घनतेच्या अगदी जवळ असतं, त्यामुळे पाण्यात ६० किलो उचलावे लागत नाहीत. उचलावं लागतं ते पाण्याबाहेर ठेवायचं डोकं, आणि त्याचं वजन साधारण ५ किलो. आपले ५३ ग्रॅमवाले फ्लोट धरले तर एका माणसाला गोड्या पाण्यात नव्वदच्या वर लागतील. चार-पाच फ्लोट बांधून पाव किलो आधार मिळतो. घाबरून एक हात वर काढला, तर तेवढ्यानेच तो संपतो.

लाइफ जॅकेटचे आकडे न्यूटनमध्ये असतात. १०० न्यूटन म्हणजे जवळपास १० किलोचा आधार. ५० न्यूटनचं साधन फक्त पोहता येणाऱ्यांसाठी, तेही मदत जवळ असेल तिथे. १०० किंवा त्याहून जास्त न्यूटनचं जॅकेट तोंड वर ठेवण्याच्या हिशेबाने शिवलेलं असतं.

गावाकडे विहिरीत पोहायला शिकताना पाठीला रिकामा डबा किंवा सुका भोपळा बांधायचे. त्यात गणित बरोबर होतं, कारण ५ लिटरचा बंद डबा पाच किलोच्या जवळपास आधार देतो. पण झाकण सैल असेल तर डबा भरतो, दोरी सुटली तर तो एकटाच तरंगत जातो, आणि तोंड वर ठेवायचं काम तो करत नाही. म्हणून काठावर कुणी मोठं माणूस बसलेलं असायचं. कुणी बुडताना दिसलं तर स्वतः उडी मारण्याआधी २० लिटरचा रिकामा, घट्ट बंद कॅन दोरी बांधून फेका. त्याला धरून माणूस आरामात तरंगतो.

किनाऱ्यावर सापडलेला फ्लोट पुन्हा वापरणार असाल तर तो आधी कोरडा करून वजन करा, मग रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि पुसून पुन्हा वजन करा. जितके ग्रॅम वाढले, तितकं पाणी त्याने पोटात घेतलंय, आणि तेवढा त्याचा आधार कमी झालाय.